बायोडिझेल टाकीत ओतण्यापूर्वी

महामार्गाच्या कडेला ‘बायोडिझेल’ असा फलक दिसला आणि भाव डिझेलपेक्षा चार-सहा रुपयांनी कमी असला, की ट्रॅक्टरवाला असो, ट्रकमालक असो की मासेमारी बोटीचा मालक, प्रत्येकाच्या मनात दोन शंका येतात. हे तेल इंजिन खाईल का? आणि अॅव्हरेज पडेल का? दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे, ते आकड्यांत देता येते. पहिल्या शंकेत मात्र बहुतेक जण भलत्याच जागी बोट ठेवतात. नीट बनवलेले, ताजे आणि कोरडे बायोडिझेल ठरलेल्या प्रमाणात मिसळले तर इंजिनाचे फारसे वाकडे होत नाही. इंजिन खाते ते शिळे इंधन. पाणी शिरलेले, तांबे-पितळ-जस्ताच्या संगतीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले. त्यामुळे काळजी घ्यायची ती इंजिनापेक्षा टाकीची, नळ्यांची आणि कॅलेंडरची.

आधी हे पदार्थ वेगळे ओळखा

करंज, मोह, पाम, सोयाबीन यांचे तेल किंवा हॉटेलात तळण करून उरलेले तेल घ्यायचे, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्यासारखे उत्प्रेरक घालून ते तापवायचे. तेलाचा जड रेणू फुटतो, ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर राहते ते बायोडिझेल. साधारण १०० किलो तेलाला १० किलोच्या आसपास मिथेनॉल खर्ची पडते आणि जवळपास तेवढेच ग्लिसरीन निघते. पण काम इथे संपत नाही. उरलेले मिथेनॉल उडवावे लागते, साबण आणि उत्प्रेरकाचा अंश धुऊन काढावा लागतो, धुतल्यावर राहिलेले पाणी वाळवावे लागते. घाईत असलेला उत्पादक नेमकी इथे काटकसर करतो, आणि ग्राहकांच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या अर्धवट धुलाईत सापडते.

कच्चे तेल, मग ते घाण्याचे असो की कढईतून गाळलेले, बायोडिझेल नव्हे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो, बायोडिझेलचा ४-५ च्या घरात, तर कच्च्या वनस्पती तेलाचा ३० ते ४०. एवढे दाट तेल नोझलमधून धुक्यासारखे फुटत नाही, धार धरते. ती धार पिस्टनच्या माथ्यावर अर्धवट जळते, नोझलच्या टोकाला कार्बन चढतो, रिंगा खाचेत चिकटतात. ‘डिझेलसाहेबांनी पहिले इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरच चालवले होते’ हा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. १० ऑगस्टच्या जागतिक जैवइंधन दिनाच्या भाषणांतही तो ऐकू येतो. १० ऑगस्ट १८९३ रोजी ऑग्सबर्गला रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन फिरले हे खरे, पण शेंगदाणा तेलाचा प्रयोग १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनातला, ऑटो कंपनीने मांडलेल्या एका छोट्या इंजिनावरचा. त्या काळच्या संथ, ढिल्या इंजिनाला जे पचले ते आजच्या, उच्च दाबाने इंधन फवारणाऱ्या कॉमन रेलला पचेल असे समजू नका.

मिश्रणाचे नाव त्यातल्या बायोडिझेलच्या टक्केवारीवरून पडते. बी-५ म्हणजे ५ टक्के, बी-२० म्हणजे २० टक्के, बी-१०० म्हणजे निव्वळ बायोडिझेल. बी-१०० साठी भारतीय मानक आयएस १५६०७ आहे, बी-२० पर्यंतच्या मिश्रणांसाठी आयएस १६५३१. शिवाय साध्या डिझेलच्या आयएस १४६० या मानकातच ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा आहे. म्हणजे तुम्ही नेहमीच्या पंपावर भरता त्या डिझेलमध्येही थोडे बायोडिझेल असू शकते, आणि ते कायदेशीर आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले आहे. तेव्हा ‘आपण त्या वाटेला जाणारच नाही’ म्हणून हा विषय टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

गंज कसा लागतो

घरातले शेंगदाणा तेल बरणीत पडून खवट होते, तीच क्रिया बायोडिझेलमध्ये होते. वनस्पती तेलातल्या मेदाम्लांच्या साखळीत काही जागी दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन तिथे चिकटतो, पेरॉक्साइडे तयार होतात, साखळी तुटते. तुटलेल्या तुकड्यांतून फॉर्मिक आणि अॅसिटिकसारखी छोटी, तिखट आम्ले निघतात. उरलेले तुकडे एकमेकांना जुळून डिंकासारखी चिकट राळ बनते. आम्ल धातू कुरतडते, राळ फिल्टर आणि नोझल बुजवते. डिझेलही हवेत हळूहळू बिघडते, पण त्यात हे दुहेरी बंध थोडे असल्याने वेग फार कमी.

पाण्याचा वाटा वेगळा. डिझेल आणि पाणी यांचे जमत नाही. पाणी लगेच तळाशी जाते आणि काचेच्या वाटीत दिसते. बायोडिझेल मात्र डिझेलच्या कितीतरी पट पाणी स्वतःत मुरवून ठेवते, म्हणून ते दिसत नाही. हे मुरलेले पाणी मूळ रेणूला पुन्हा फोडून त्यातून मेदाम्ल मोकळे करते, आणि तापमान उतरले की जास्तीचे पाणी तळाशी वेगळे पडते. टाकीचा तळ आतून गंजतो तो इथून. त्यात जिवाणू-बुरशीची भर. पाणी आणि इंधनाच्या सीमेवर ही मंडळी वस्ती करतात, आणि बायोडिझेल त्यांना साध्या डिझेलपेक्षा अधिक रुचते. तळाशी काळा-तपकिरी बुळबुळीत थर दिसला तर ती त्यांचीच वस्ती. त्यांच्या मलातली आम्ले पोलादाला ठिपक्याठिपक्यांनी भोके पाडतात.

आता धातूंकडे येऊ. मलेशियातल्या मलाया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तांबे, अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलचे तुकडे पाम बायोडिझेलमध्ये आणि डिझेलमध्ये ८० अंशांना १,२०० तास बुडवून ठेवले होते. तांब्याची झीज वर्षाला सुमारे १५ मायक्रोमीटर या गतीने झाली, तर डिझेलमध्ये ती साडेसातच्या आसपास होती. अॅल्युमिनियमची बायोडिझेलमध्ये ५, डिझेलमध्ये पावणेचार. स्टेनलेस स्टीलला जवळपास काहीच झाले नाही. आकडे नीट पाहिलेत तर लक्षात येईल की तांब्याचीही झीज भयंकर नाही. मिलिमीटरभर जाडीचा वॉशर १५ मायक्रोमीटरच्या गतीने झिजायला पिढी जाईल. मग तांब्याची एवढी धास्ती का? कारण उलट्या दिशेचे नुकसान मोठे आहे. इंधनात विरघळलेला तांब्याचा अंश खवटपणाची क्रिया झपाट्याने वाढवतो. धातू इंधनाला नासवतो, नासलेले इंधन आम्ल सोडते, ते आम्ल आणखी धातू विरघळवते. पितळ, कासे, शिसे, कथील आणि जस्त हे सगळे या चक्राला कमी-अधिक हातभार लावतात. इंजेक्शन पंपाच्या प्लंजरमधली फट दोन-तीन मायक्रोमीटरची असते. या साखळीतून निघालेली राळ तिथे बसली, की पंपवाल्याकडे खेप ठरलेली.

तेल कुठले, यानेही फरक पडतो. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये जट्रोफा, करंज, मोह आणि पीलू या देशी बियांच्या बायोडिझेलमध्ये पिस्टन आणि लायनरचे धातू ३०० दिवस बुडवून ठेवले. पीलूच्या बायोडिझेलने ते ठळकपणे गंजले, करंज आणि मोहाच्या बायोडिझेलचा त्रास मात्र डिझेलच्याच जवळपास राहिला. करंजाची झाडे आपल्याकडे रस्त्यारस्त्यावर आहेत, तेव्हा ही बातमी आपल्या सोयीची म्हणायची.

प्रमाणपत्रात ‘कॉपर स्ट्रिप कोरोजन : वर्ग १’ अशी ओळ असते. तिच्यावर फार विसंबू नका. घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी गरम इंधनात तीन तास बुडवतात आणि तिचा रंग तक्त्याशी ताडून पाहतात. ही चाचणी मुळात गंधकाची खोड पकडण्यासाठी आहे. तीन तासांत उत्तीर्ण झालेले बायोडिझेल तीन महिन्यांत पितळ काळे करू शकते. बी-१०० च्या कागदावर मी आधी तीन रकाने पाहीन. आम्लांक प्रतिग्रॅम ०.५० मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडपेक्षा कमी हवा. पाणी किलोमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवे. ऑक्सिडेशन स्टॅबिलिटी ८ तासांहून जास्त हवी. ही शेवटची चाचणी ११० अंशांवर हवा फुंकून करतात, इंधन किती वेळ तग धरते ते त्यात कळते. आणि कागदावरची तारीख. आठ महिन्यांपूर्वीच्या चाचणीचा आजच्या पिंपाशी संबंध राहिलेला नसतो.

ताकद आणि अॅव्हरेज

बायोडिझेलच्या रेणूत वजनाने साधारण ११ टक्के ऑक्सिजन असतो. तो जळायला मदत करतो, पण त्याची स्वतःची उष्णता काही नाही. म्हणून किलोमागे डिझेल सुमारे ४३ मेगाज्यूल देते तिथे बायोडिझेल ३७-३८. आपण मात्र इंधन लिटरने घेतो, आणि बायोडिझेल डिझेलपेक्षा जड असते. त्यामुळे लिटरमागचा फरक ७-८ टक्क्यांवर येतो. बी-२० मध्ये त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे दीड टक्का. शंभर लिटर डिझेलमध्ये जेवढी नांगरट व्हायची तेवढीला बी-२० साधारण एकशे दीड ते एकशे दोन लिटर लागेल. टायरमधली हवा कमी असली किंवा एअर क्लीनर धुळीने भरला असला तर याहून जास्त इंधन वाया जाते. ‘बी-२० टाकल्यावर अॅव्हरेज निम्मे झाले’ असे कोणी सांगत असेल तर एकतर फिल्टर तुंबला आहे किंवा पिंपात बायोडिझेल नव्हतेच.

खरेदीचा हिशेबही यातूनच निघतो. समजा डिझेल ९० रुपये लिटर आहे. मग बी-१०० ची इंधन म्हणून खरी किंमत ८३ रुपयांच्या आसपास होते. त्याहून महाग मिळत असेल तर व्यवहार तोट्याचा. ४० रुपयांना मिळत असेल तर त्याहून तोट्याचा, कारण त्या भावात खरे बायोडिझेल बनतच नाही.

दोन गोष्टी बायोडिझेलच्या बाजूने. त्याचा सिटेन आकडा, म्हणजे इंधन किती सहज पेट घेते त्याचे माप, चांगला असतो, मानकात किमान ५१ लागतो, त्यामुळे इंजिन कमी खडखडते. दुसरी गोष्ट वंगणाची. एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आले, आणि गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक ओशटपणाही जातो. पंप आणि नोझल हे इंधनाच्याच ओशटपणावर चालतात. एक-दोन टक्के बायोडिझेलने ही उणीव भरून निघते. धुराचे म्हणाल तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये जुन्या धाटणीच्या ट्रक इंजिनांवरच्या चाचण्यांचा गोषवारा काढला होता. त्यात बी-२० ने काजळी सुमारे १० टक्के घटली, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के घटला, नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र २ टक्क्यांनी वाढली.

नव्या गाड्यांचे गणित वेगळे

बीएस-६ ट्रक, नव्या एसयूव्ही आणि जानेवारी २०२३ पासूनचे ५० एचपीवरील ट्रॅक्टर यांत कॉमन रेल असते. अनेकांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा डीपीएफ फिल्टरही असतो. तो साफ करण्यासाठी बरीच इंजिने सिलिंडरमध्ये उशिरा थोडे जादा इंधन फवारतात. त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जाते. डिझेलचा हलका भाग तिथल्या उष्णतेने उडून जातो. बायोडिझेल ३३० ते ३५० अंशांना उकळते, ते उडत नाही, साचत राहते. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले तर आनंदू नका, ऑइल पातळ झाले आहे. शिवाय नीट न धुतलेल्या बायोडिझेलमधले सोडियम, पोटॅशियम आणि फॉस्फरस राखेच्या रूपाने डीपीएफमध्ये बसतात, आणि ती राख जळून जात नाही. म्हणून अशा गाडीत पुस्तिकेने जेवढी मर्यादा दिली असेल तिच्या एक टक्काही पुढे जाऊ नका. वॉरंटीच्या वादात कंपनीच्या हाती तेवढेच कारण पुरते.

जुना ट्रॅक्टर, पाण्याचे इंजिन, बोटीचे इंजिन असेल तर बी-२० पर्यंत जायला माझी हरकत नाही. त्यापुढे जाण्यात बचत थोडी आणि कटकट फार.

बदल करताना

बायोडिझेल उत्तम धुणारे द्रावक आहे. दहा-पंधरा वर्षांच्या टाकीच्या भिंतींना धरलेला मळ ते सोडवते, आणि तो सगळा मळ फिल्टरमध्ये येतो. पहिल्या काही टाक्यांत गाडी लोड घेत नाही, चढावर दम तोडते, आणि दोष बायोडिझेलवर ढकलला जातो. वास्तविक तो जुन्या डिझेलचा गाळ असतो. म्हणून सुरुवातीलाच टाकी खाली उतरवून धुऊन घ्या. थेट बी-२० न भरता बी-५ पासून चढत जा. पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदला आणि एक नवा फिल्टर टूलबॉक्समध्ये ठेवा. हवा काढता येणारा माणूस जवळपास असू द्या.

रबराकडे लक्ष द्या. जुन्या ट्रॅक्टरच्या रिटर्न पाइपचे साधे रबर आणि नायट्राइलच्या ओ-रिंग बायोडिझेलने फुगतात, मऊ पडतात, मग पाझरतात. पाइप बोटांनी दाबून पाहा. चिकट किंवा फुगीर लागला तर बदला, आणि नवा घेताना फ्लुओरोकार्बन रबराचा, दुकानात व्हिटॉन म्हणून मिळतो तो, मागा. टाकीपासून पंपापर्यंत तांब्याची लांब नळी असेल तर ती पोलादी करून घ्या. पितळी कॉक आणि टाकीतली पितळी जाळीही बदला. बँजो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर मात्र राहू द्या. त्यांचा पृष्ठभाग इवलासा आणि तिथले इंधन सतत वाहते. धोका असतो तो मोठ्या पृष्ठभागावर इंधन थांबून राहते तिथे.

साठवणीला जस्ताचा मुलामा दिलेले पिंप अजिबात नको. आपल्याकडे पाण्यासाठी आणलेली गॅल्वनाइज्ड टाकीच डिझेलला लावायची खोड आहे. बायोडिझेल तिथे काही आठवड्यांत गढूळ होते. जाड एचडीपीई कॅन, साधे पोलाद, स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियम चालते. तळाला उतार आणि सर्वांत खालच्या जागी पाणी सोडायची तोटी हवी. पिंप सावलीत ठेवा आणि भरलेले ठेवा. अर्धे रिकामे पिंप दिवसा तापते, रात्री निवते, आणि प्रत्येक श्वासागणिक दमट हवा आत ओढते. बी-१०० किंवा बी-२० तीन महिन्यांत संपेल एवढेच घ्या. सहा महिने ही माझ्या मते बाहेरची हद्द, कोकणात तेवढीही नको. खवटपणा रोखणारी रसायने मिळतात, पण ती कारखान्यातच, ताज्या इंधनात मिसळायची असतात. एकदा आम्ल झाले की ती घालून काही परत येत नाही.

मासेमारी बोटींसाठी हे फार महत्त्वाचे आहे. जून-जुलैच्या बंदीत बोट किनाऱ्याला, टाकी अर्धी, हवा खारी आणि दमट. गंजाला याहून सोयीचे दोन महिने मिळायचे नाहीत. बंदीपूर्वीच्या शेवटच्या फेऱ्या साध्या डिझेलवर करा, म्हणजे पंप आणि नोझलमधून बायोडिझेल धुऊन निघेल. मग टाकी काठोकाठ साध्या डिझेलने भरा. नारळी पौर्णिमेच्या तयारीत इंजिन चालू करण्याआधी तळाची तोटी उघडून पाणी सोडा. ऊसतोडणी संपल्यावर महिनोन्‌महिने उभे राहणारे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर यांनाही हाच नियम.

थंडीचा प्रश्न आपल्याकडे तोकडा, पण आहे. हॉटेलांतून गोळा होणारे तेल बहुतांशी पामचे असते, आणि पामच्या बायोडिझेलमध्ये १५ अंशांच्या आसपासच मेणाचे कण दिसू लागतात. निफाड-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पारा याच्या बराच खाली जातो. बी-५ मध्ये काही जाणवत नाही, बी-२० मध्ये पहाटे फिल्टर अडखळू शकतो, आणि बी-१०० चा कॅन सकाळी तुपासारखा थिजलेला मिळेल. उन्हात ठेवून तो पूर्ण वितळू द्या, हलवा, मगच मिसळा. मिसळतानाही दोन्ही इंधने कोमट असावीत.

विकत घेताना

वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल हा चांगला मार्ग आहे. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी ‘रुको’ नावाचा उपक्रम सुरू केला. पण या नावाखाली दुसराही धंदा चालतो. सौराष्ट्रात आणि आपल्याकडेही बेस ऑइल आणि औद्योगिक तेलांचे मिश्रण ‘बायोडिझेल’ म्हणून विकणाऱ्यांवर कारवाया झाल्या आहेत. त्या मिश्रणात ना मानक, ना गंधकाची मर्यादा. ३० एप्रिल २०१९ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बी-१०० हे डिझेलमध्ये मिसळण्यासाठी विकायचे आहे आणि विक्रेत्याकडे नोंदणी लागते. नोंदणी दाखवा म्हणा. जीएसटीचे बिल घ्या, त्यावर आयएस १५६०७ लिहून घ्या, त्या खेपेचे चाचणीपत्र मागा. ‘भाऊ, बिलाचं काय करता, माल बघा’ असे उत्तर आले तर गाडी पुढे काढा.

घरी करता येण्यासारख्या दोन परीक्षा. काचेच्या बरणीत बी-१०० घेऊन उजेडासमोर धरा. ते पारदर्शक हवे, पलीकडचे छापील अक्षर वाचता यायला हवे. धुरकट दिसले तर पाणी किंवा थिजलेले मेण. थोडे गरम करून निवळले आणि निवल्यावर पुन्हा धुरकटले, तर संशय पक्का. दुसरी परीक्षा : अर्धी बरणी इंधन, अर्धी पाणी, झाकण घट्ट लावून दहा सेकंद जोरात हलवा आणि ठेवून द्या. नीट बनवलेले बायोडिझेल अर्ध्या तासात वेगळे होते आणि खालचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहते. मधे ताकासारखा पांढरा थर राहिला तर साबण आहे, किंवा तेलाचे रूपांतर अर्धवट झाले आहे. हायड्रोमीटर असेल तर घनताही पाहा. १५ अंशांना बी-१०० ची घनता घनमीटरमागे ८६० ते ९०० किलो असते. ८२० दिसली तर ते बायोडिझेल नाही. साठवलेल्या मालाला नाक लावा. वार्निशसारखा उग्र वास आणि गडद होत गेलेला रंग म्हणजे शिळे. हिरवट झाक आली असेल तर त्यात तांबे उतरले आहे. ते इंजिनात घालू नका, नव्या मालात मिसळून ‘खपवू’ तर मुळीच नका. विरजण लावल्यासारखे ते नवे इंधनही नासवेल.

स्पिरिट मिसळण्याचा मोह

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ‘पेट्रोलमध्ये इथेनॉल चालते, मग डिझेलमध्ये का नाही’ असे हमखास विचारले जाते. इथेनॉलचा सिटेन आकडा १० च्या आतबाहेर, म्हणजे डिझेल इंजिनात ते जवळजवळ पेटच घेत नाही. थोडे पाणी शिरले की दोन्ही वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी पाणी मिसळलेल्या स्पिरिटचा थर बसतो. पंपाला वंगण मिळत नाही. सर्वांत गंभीर म्हणजे आगीचा धोका. डिझेल ३५ अंशांच्या वर पेटणाऱ्या वाफा सोडते, इथेनॉल १३ अंशांनाच. थोडेसे मिसळले तरी टाकीतल्या वाफा पेट्रोलच्या टाकीसारख्या वागू लागतात. इथेनॉलचा प्रयोग जमला नाही, आता डिझेलमध्ये १० टक्के आयसोब्युटेनॉल मिसळण्याचे प्रयोग पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत सुरू आहेत, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२५ मध्ये सांगितले. आयसोब्युटेनॉल डिझेलमध्ये अधिक चांगले विरघळते, पाणी कमी ओढते, किलोमागे सुमारे ३३ मेगाज्यूल देते, पण त्याचाही सिटेन कमीच आणि वाफा २८ अंशांच्या आसपास पेटतात. मानक येईपर्यंत हे प्रयोगशाळेचे काम आहे, शेताच्या बांधावरचे नाही.

‘ग्रीन डिझेल’ किंवा एचव्हीओ हा आणखी वेगळा पदार्थ. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून तो बनवतात, त्यात ऑक्सिजन राहत नाही, म्हणून वर सांगितलेल्या गंजाच्या आणि खवटपणाच्या तक्रारी त्याला फारशा लागू नाहीत. युरोपात तो पंपावर मिळतो, आपल्याकडे सामान्य ग्राहकाला मिळत नाही. कोणी पिंपात भरून विकत असेल तर समजून घ्या.

सोसायटीच्या जनरेटरसाठी

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही, बोट नाही, पण सोसायटीच्या आवारात जनरेटर आहे, त्यांनीही एवढे करावे. वीज क्वचितच जाते, आठवड्याला दहा मिनिटांची चाचणी होते, आणि टाकीतले इंधन वर्ष-दीड वर्ष तेच असते. अशा ठिकाणी बायोडिझेलचे मिश्रण मुद्दाम भरू नका. साध्या डिझेलमध्येही ७ टक्क्यांपर्यंत ते असू शकते, हे ध्यानात ठेवून दर सहा महिन्यांनी तळाच्या तोटीतून काचेच्या बरणीत नमुना काढा. पाणी किंवा काळा थर दिसला तर तो पूर्ण निघेपर्यंत सोडा आणि गाळलेल्या इंधनाने फिल्टर भरून हवा काढा. चाचणी दहा मिनिटांऐवजी महिन्यातून एकदा तासभर, लिफ्ट आणि पाण्याचे पंप जोडून, लोडवर घ्या. इंधनही संपेल आणि नोझलही साफ राहतील. टाकीवर रंगाने शेवटच्या भरण्याची तारीख लिहा. सचिव बदलतात, वॉचमन बदलतात, आणि टाकीत काय आहे हे विचारायला नेमके वीज गेल्यावर कोणी सापडत नाही.